उद्देशात बसतं का?

आमच्या वसतिगृहाच्या आवारात लिंबोणीचं झाड नाही, याला एकच माणूस जबाबदार आहे. रोप मी आणलं होतं. खड्डाही खणून झाला होता. तेवढ्यात तात्या फाटकातून आत आले, सायकल भिंतीला टेकवली आणि खड्ड्यात वाकून बघत म्हणाले, "बाई, हे काय?"

"लिंबोणी, तात्या. उन्हाळ्यात मुलींना सरबताला होईल."

"उद्देशात बसतं का?"

मी म्हटलं, अहो झाड आहे, झाडाला कसला आलाय उद्देश? त्यावर त्यांनी मला उन्हात उभं करून समजावलं. कडुलिंब चालेल, कारण त्याच्या सावलीत मुली अभ्यास करतील. लिंबोणीला धड सावली नाही, काटे आहेत. शिवाय लिंबं लागणार, ती मुलींना पुरून उरणार, उरली की शेजारपाजारचे मागायला येणार, आपण नाही म्हणणार नाही, आणि एक दिवस मुलींना शिकवायचं सोडून न्यास लिंबं वाटत बसणार. "सुरवात अशीच हुती, बाई. एका रोपानं."

मी रोप उचललं आणि घरी नेऊन लावलं. आता त्याला इतकी लिंबं येतात की मला शेजारी वाटत फिरावं लागतं. हे मी तात्यांना कधी सांगितलं नाही.

तात्या आमच्या न्यासाचे कार्यवाह होते. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, कारण लिहिलं तर ते कुठल्या अधिकारात लिहिलं असं विचारणारं पत्र मला येईल. वालचंदनगरला कारखान्याच्या टाइम ऑफिसात त्यांची नोकरी झाली. कामगार किती मिनिटं उशिरा आला हे टिपण्यात उमर गेलेला माणूस निवृत्त होऊन बारामतीला दोन खोल्यांत राहायला आला आणि राहिलेली सगळी ताकद त्यानं आमच्यावर लावली. आमच्यावर म्हणजे सहा विश्वस्तांवर आणि माझ्यावर. मी वसतिगृहाची अधीक्षिका.

वसतिगृह जुनं आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या ज्या घरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यांच्यातल्या काहींनी मिळून ते उभारलं. तेव्हा आमच्या मुलींना तालुक्याच्या गावी भाड्यानं खोली कोण देत होतं? म्हणून त्यांनी जागा घेतली, न्यास नोंदवला आणि घटना लिहून पुण्याच्या धर्मादाय कार्यालयात दाखल केली. त्या घटनेत उद्देशाचं एकच कलम आहे. प्रत्येक सभेच्या सुरुवातीला तात्या उभे राहून ते वाचत. प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून टाइप केलेला कागद काढायचे, चष्मा पुसायचे आणि वाचायचे: "बारामती व इंदापूर तालुक्यांतील शिक्षण घेत असलेल्या मुलींची निवासाची व अभ्यासाची सोय करणे." सगळे विश्वस्त पंख्याकडे बघत बसायचे. वाचून झाल्यावर ते कागदावरून नजर उचलून एकेकाकडे बघत, जणू त्यातल्या कुणीतरी आदल्या रात्री कलमातला एखादा शब्द चोरला असावा.

"चांगलं काम ही काय परवानगी न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माणसाला वाटेल ते चांगलं काम करता येतं, संस्थेला फक्त ज्यासाठी ती जन्माला आली तेवढंच करता येतं, त्याच्या बाहेर टाकलेलं पाऊल पडलंच नाही असं कायदा समजतो. मी एकदा म्हटलं, पण सगळ्यांचं एकमत असलं तर? ते हसले. ते क्वचित हसायचे आणि हसले की जास्त राग यायचा. "साती जणांनी एकमतानं ठराव केला की आभाळात हीर खणायची, तर खणली जाईल का? एकमतानं अधिकार वाढत न्हाय, बाई. फक्त चूक करणारी माणसं वाढत्यात."

शेजारच्या घरी वास्तुशांत होती, त्यांनी चाळीस खुर्च्या एका दुपारपुरत्या मागितल्या. उद्देशात बसलं नाही. सभेला आलेल्या विश्वस्तांना आमच्या स्वयंपाकाच्या कुसुमताईंनी वसतिगृहाच्या गॅसवर चहा केला, तर तात्यांनी तो घेतला नाही. ते थर्मास घेऊन यायचे. तरुण मंडळींनी रक्तदान शिबिरासाठी आमची अभ्यासिका मागितली, तेव्हा तर मी अक्षरशः हात जोडले. रविवार आहे, मुली गावी गेल्यात, हॉल रिकामा आहे, लोकांचा जीव वाचेल.

"न्हाय."

शिबिर मग एका शाळेत झालं. त्या दिवशी दुपारी तात्या माझ्याकडे आले ते लालबुंद होऊन. शिबिरात रक्त द्यायला ते स्वतः गेले होते आणि डॉक्टरांनी वय जास्त म्हणून परत पाठवलं होतं.

"म्हणजे शिबिराला तुमचा विरोध नव्हता?" मी विचारलं.

"माझा कशाला असंल? रगत माझं हाय. हॉल न्यासाचा हाय."

अशा माणसाशी भांडून काही हाती लागत नाही. मी आठ वर्षं भांडले. पण एक भांडण मी हरले, आणि ते हरायला नको होतं.

सुजाता लासुर्ण्याची. अकरावीला आमच्याकडे आली. सायन्स. हुशार होती पण फिजिक्सला घाबरायची. बारावीचा निकाल लागला तेव्हा बाकी सगळ्यात पास आणि फिजिक्समध्ये सहा मार्कांनी नापास. ती रडली नाही. माझ्याकडे येऊन म्हणाली, "बाई, मी फेब्रुवारीत परत बसते. हितं राहून अभ्यास करते. घरी गेले तर व्हायचं न्हाय." घरी स्थळं बघायला सुरुवात झाली होती हे तिनं सांगितलं नाही, कुसुमताईंनी सांगितलं.

मी तिचा अर्ज तात्यांपुढे ठेवला. त्यांनी वाचला आणि म्हणाले, "बोनाफाईड?"

इथंच अडलं. नापास होऊन पुन्हा परीक्षेला बसणाऱ्या मुलीचं कॉलेजच्या हजेरीत नाव नसतं. हजेरीत नाव नाही म्हणून बोनाफाईड दाखला नाही. आणि दाखला नाही म्हणजे तात्यांच्या लेखी ती शिक्षण घेत असलेली मुलगी नाही.

"ती अभ्यास करतेय तात्या. रोज बघते मी."

"अभ्यास करणं येगळं, शिक्षण घेणं येगळं. आज ती कुठंच शिकत न्हाय. तिला ठिवली तर न्यास अधिकाराबाहेर गेला."

"एका मुलीनं न्यास बुडणार आहे का?"

"एका मुलीनंच बुडतो," ते म्हणाले आणि त्यांच्या जाड वहीत नोंद केली. नाकारलेल्या अर्जांची ते वेगळी वही ठेवत. नाव, गाव, तारीख, कारण.

मी आरडाओरडा केला. नोकरी सोडते म्हणाले. सोडली नाही. दोन दिवसांनी सुजाताचे वडील मोटारसायकलवरून आले, तिची ट्रंक मागे बांधली, आणि फाटक मी लावून घेतलं. दिवाळीनंतर तिचं लग्न झाल्याचं कळलं. आमंत्रण नव्हतं. त्यानंतर कितीतरी महिने मी तात्यांशी कामापुरतंच बोलले, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण ते नेहमी कामापुरतंच बोलत.

मग चारेक वर्षांनी मंगल कार्यालयाचं प्रकरण आलं.

वसतिगृहापुढची मोकळी जागा रस्त्याला लागून आहे. आमचे अध्यक्ष, त्यांना सगळे बापू म्हणतात, वडगाव निंबाळकरचे बागायतदार, मनानं चांगले पण एकदा डोक्यात आलं की गडी थांबत नाही. त्यांनी मांडलं की त्या जागेवर मंगल कार्यालय बांधू. बांधणारा तयार होता. उत्पन्न येईल, मुलींना नवी इमारत होईल. सहा विश्वस्तांनी ठरावावर सह्या केल्या. मीही मनातून सही केली, खोटं कशाला बोलू? पावसाळ्यात आमच्या दोन खोल्या गळतात.

तात्या उभे राहिले आणि त्यांनी कलम वाचलं.

"अहो तात्या," बापू म्हणाले, "पैसा पोरींवरच खर्च व्हणार हाय की!"

"पैसा कुठं जाणार ते मी इचारत न्हाय. न्यास लग्नं लावायला काढलाय का, ते इचारतोय."

बांधणाऱ्याचा वकील सभेला मुद्दाम आला होता. तरुण, हुशार. त्यानं तात्यांच्या हातातला कागद मागून घेतला, उलटसुलट केला आणि आदबीनं म्हणाला, "काका, ही तर नुसती टायपिंगची प्रत आहे. शिक्का नाही, सही नाही. मूळ घटनेत हेच लिहिलंय कशावरून?"

तात्यांनी कागद परत घेतला, चष्मा काढला आणि पुसत राहिले. मूळ प्रतीला वाळवी लागली होती म्हणून त्यांनीच, नोकरीत असताना कार्यवाह झाले त्या साली, टाइम ऑफिसच्या टाइपरायटरवर तिची नक्कल काढली होती. मूळ कागदाचा पुढे भुगा झाला. तीसेक वर्षं सगळा न्यास त्या नकलेवर चालला होता.

"मूळ आणतो," ते म्हणाले.

पुण्याच्या कार्यालयात दाखल असलेल्या घटनेची प्रमाणित प्रत मिळवायला त्यांनी अर्ज केला. प्रत तयार झाल्याचं कळलं तेव्हा मलाही पुण्याला काम होतं, म्हणून आम्ही एकाच एसटीनं गेलो. त्यांनी स्वतःचं तिकीट स्वतः काढलं आणि माझं मला काढायला लावलं. वाटेत अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मला दिली. "ही माझी हाय," असं सांगून दिली, म्हणजे ती मी निश्चिंतपणे खावी.

कार्यालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसून त्यांनी प्रत उघडली. हातानं लिहिलेल्या मजकुराची ती झेरॉक्स होती, प्रत्येक पानावर शिक्का. शेवटच्या पानावर अकरा संस्थापक. चार सह्या आणि सात अंगठे. एका अंगठ्यावर त्यांनी बोट ठेवलं. "माझा बाप," म्हणाले. त्यांचे वडील संस्थापकांत होते हे इतक्या वर्षांत त्यांनी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी उद्देशाचं पान काढलं. वाचलं. चष्मा पुसला, परत वाचलं. मला वाटलं त्यांना चक्कर आली. पाणी दिलं, ते तसंच हातात धरून बसले.

"काय झालं तात्या? मंगल कार्यालय बसतं का त्यात?"

"न्हाय बसत," ते म्हणाले आणि कागद पिशवीत ठेवले. बारामतीपर्यंत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

सभा पुढच्याच आठवड्यात झाली. मूळ घटनेत स्वच्छ लिहिलं होतं की जागेचा वापर केवळ मुलींच्या निवासासाठी व अभ्यासासाठी करावा. वकिलानं ते वाचलं, शिक्का बघितला, बापूंच्या कानात काहीतरी सांगितलं. बापू चिडले, थोडं बडबडले, मग "ऱ्हायलं" म्हणाले. मंगल कार्यालय संपलं. लोक चपला शोधायला लागले.

"बसा," तात्या म्हणाले. "अजून एक इषय हाय. अधिकाराबाहेर काम झाल्याचा."

"आता कुनी केलं?" बापू करवादले.

"मी."

त्यांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. टाइप केलेल्या कागदावर होतं, शिक्षण घेत असलेल्या मुली. मूळ हस्ताक्षरात होतं, शिकायची इच्छा असलेल्या मुली.

"टाइप करताना मला वाटलं, आपल्या माणसांची भाषा अडाणी हाय. सरकारी कागदाला शोभत न्हाय. म्हणून मी शुद्ध केली. एवढाच शब्द बदलला आन् इसरून गेलो." ते थांबले. "ज्यांनी हे लिवलं त्यांच्यातला एकबी कुठल्या शाळेच्या हजेरीत नव्हता. त्यांना काय म्हणायचं हुतं ते त्यांना कळत हुतं. मला कळलं न्हाय."

"जाऊ द्या हो तात्या," बापू एकदम मवाळ होत म्हणाले. "एका शब्दाचं काय घिऊन बसलाय."

तात्यांनी जाड वही उघडली आणि नावं वाचली. बोनाफाईड नाही म्हणून परत पाठवलेल्या मुली. नऊ होत्या. नाव, गाव, तारीख. शेवटचं नाव सुजाताचं होतं. हॉलमध्ये कुणी पंख्याकडे बघत नव्हतं.

मग त्यांनी स्वतःविरुद्ध ठराव मांडला. अनुमोदन द्यायला कुणी तयार होईना. "अनुमोदनाबिगर ठराव पडतो," ते कळवळून म्हणाले, "कुनीतरी द्या की!" शेवटी मी म्हटलं, मी देते. मला मत देण्याचा अधिकार नाही हे त्यांनी मला तिथल्या तिथं सुनावलं. इतक्या सगळ्यात, हो! शेवटी बापूंनी हात वर केला. कार्यवाहपदाचा राजीनामा मंजूर, आणि त्या नऊ जणींना भेटून जागा देऊ करायची, असं ठरलं.

भेटायला मी आणि तात्याच गेलो, माझ्या स्कुटीवर. मागे बसलेले तात्या प्रत्येक गतिरोधकाच्या आधी "गतिरोधक" असं सांगायचे. दोघींचा पत्ताच लागला नाही. एकीच्या नवऱ्यानं आम्हांला उंबरठ्याच्या आत घेतलं नाही. एक वडगावात अंगणवाडी सेविका झाली होती, तिनं चहा पाजला आणि हसून म्हणाली, आता कसलं हो. जिथं जाऊ तिथं तात्या उभ्यानंच सांगत: चूक माझी हुती, न्यासाची नव्हती. मला ते ऐकवेना. आणि अजूनही त्यांचा राग येतच होता. माफी मागतानासुद्धा माणूस न्यासाची बाजू सांभाळत होता.

लासुर्ण्याला सुजाता गोठ्यात होती. सासरही गावातच. आम्हांला बघून तिनं हात धुतले, पदर सारखा केला, बाज टाकली. तिच्यामागून एक तीनेक वर्षांची पोरगी डोकावत होती.

तात्या बसले नाहीत. त्यांनी सगळं सांगितलं, दोन कागद, एक शब्द. सुजातानं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी तवा नुसती इच्छा असती तरी चाललं असतं?"

"व्हय."

"इच्छा तवाबी हुती, तात्या. तुमी इचारली न्हाय. दाखला इचारला." मग ती माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता. "बाई, तुमाला तर म्हाईत हुती. फाटक तुमीच लावलं की."

 आठ वर्षं मी तात्यांवर चिडले होते, आणि त्या चिडण्यावर माझं भागत होतं. मला बरोबर वाटत होतं आणि माझी नोकरीही चालू होती. मी खाली बघत म्हटलं, "हो. मीच लावलं."

 सासूबाई आतून चहा घेऊन आल्या. त्यांनीच विषय काढला. "एका इषयात ऱ्हायलंय तिचं. मी म्हंते, दिऊन टाक. पण हितं जनावरांत कुठं व्हतोय अभ्यास?"

तात्यांनी पिशवीतून अर्ज काढला. सुजातानं उभ्यानं वाचला. "हिला सोडून मी येत न्हाय," ती म्हणाली. "हिला घिऊन ऱ्हाता यील का?"

आणि तात्या विचारात पडले.

मी बघतच राहिले. एवढं सगळं होऊन, त्या मुलीच्या अंगणात उभं राहून, हा माणूस खरोखर विचार करत होता. त्यांनी प्रमाणित प्रत बाहेर काढली आणि पहिल्या ओळीपासून बोट फिरवत वाचायला लागले. मी दात आवळून म्हटलं, "तात्या, आता जर तुम्ही नाही म्हणालात ना, तर मी तुम्हांला इथंच सोडून जाईन. चालत या बारामतीला."

"दम धरा. मुलींची सोय, असं लिवलंय. वय लिवलेलं न्हाय. ही मुलगीच हाय." बोट पुढं सरकलं. "पण शिकायची इच्छा असलेल्या, असं हाय."

ते गुडघे धरत हळूहळू त्या पोरीपुढे खाली बसले. सत्तरी ओलांडलेला माणूस, कोरडं तोंड, घामेजलेला सदरा. अगदी गंभीरपणे त्यांनी विचारलं, "बाळ, तुला शिकायचं हाय का?"

पोरगी आईकडे बघून मग त्यांच्याकडे बघत म्हणाली, "व्हय."

तात्यांनी गुडघ्यावर अर्ज ठेवून शेऱ्याच्या जागी लिहिलं: दोघींचीही इच्छा आहे. समक्ष विचारून खात्री केली.

जूनमध्ये दोघी आल्या. मोठी फेब्रुवारीच्या परीक्षेत फिजिक्स सोडवून मोकळी झाली. धाकटीनं तोवर अभ्यासिकेची एक अख्खी भिंत खडूनं रंगवून ठेवली. तात्या आता कुठल्याच पदावर नाहीत, तरी आठवड्याच्या आत मला त्यांचं पोस्टानं पत्र आलं. सदर भिंत न्यासाची मालमत्ता असून तीवर रेघोट्या ओढणे हे शिकण्याच्या इच्छेत मोडते किंवा कसे, याचा खुलासा व्हावा.

मी पोस्टकार्ड आणलं आणि एका शब्दाचा खुलासा पाठवला. मोडते.